व्हिसा रद्द झाला, मग ‘अपील’ की ‘पुनर्विलोकन’?

विचारणा अशी आहे: ऑस्ट्रेलियातल्या एका प्रकरणावरच्या मराठी मजकुरात ‘चारित्र्यहीनतेमुळे व्हिसा रद्द झाल्याविरुद्ध त्याने उच्च न्यायालयात अपील केले’ असं वाक्य आहे. मूळ इंग्रजीत ‘कॅरेक्टर ग्राउंड्स’ आणि ‘ज्युडिशियल रिव्ह्यू’ हे शब्द आहेत, आणि अर्ज फेडरल कोर्टात केलेला आहे. इथे ‘अपील’ चालेल का?

नाही चालणार. शिवाय वाक्यात आणखी दोन शब्द चुकले आहेत, पण आधी मोठी चूक पाहू.

अपिलात वरचं कोर्ट खालचा निकाल फिरवून स्वतःचा निकाल देऊ शकतं. ज्युडिशियल रिव्ह्यूत कोर्ट फक्त निर्णय कायद्याला धरून झाला का ते तपासतं. त्या माणसाला देशात ठेवावं की नाही, हा प्रश्न कोर्टापुढे नसतोच. टेनिसपटू नोव्हाक जोकोविचचं जानेवारी 2022 मधलं प्रकरण आठवा. ते चारित्र्याच्या कलमाखालचं नव्हतं, सार्वजनिक आरोग्य आणि सुव्यवस्थेच्या कारणावरचं होतं; कोर्टाची भूमिका मात्र तीच. 6 जानेवारीला विमानतळावर व्हिसा रद्द झाला. म्हणणं मांडायला साडेआठपर्यंत वेळ देतो असं सांगून अधिकाऱ्याने 7 वाजून 42 मिनिटांनीच निर्णय घेतला होता. सरकारने कोर्टात हे मान्य केलं आणि 10 तारखेला कोर्टाने तो निर्णय रद्दबातल ठरवला. 14 तारखेला मंत्र्यांनी स्वतःच्या अधिकारात व्हिसा पुन्हा रद्द केला. 16 तारखेला फेडरल कोर्टाच्या तीन न्यायाधीशांनी त्याविरुद्धचा अर्ज फेटाळला. मंत्र्यांचं चुकलं की बरोबर होतं, यात न्यायाधीश शिरलेच नाहीत. म्हणून ‘कोर्टाने व्हिसा नाकारला’ हे वाक्यही सदोषच.

मराठीत ज्युडिशियल रिव्ह्यूसाठी ‘न्यायालयीन पुनर्विलोकन’ रुळलेलं आहे. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत ‘न्यायिक पुनर्विलोकन’ही दिसतं. दोन्ही चालतील, पण ‘न्यायालयीन’ किंवा ‘न्यायिक’ हे विशेषण कधीही गाळू नये. महाराष्ट्राच्या 1966 च्या जमीन महसूल कायद्यात कलम 247 ला अपील आहे, 257 ला पुनरीक्षण आणि 258 ला पुनर्विलोकन. तिथे पुनर्विलोकन म्हणजे ज्याने आदेश दिला त्यानेच, किंवा त्याच्या जागी आलेल्याने, तो पुन्हा पाहणं. फेरफाराच्या नोंदीसाठी तहसीलचे खेटे घातलेला वाचक नुसतं ‘पुनर्विलोकन’ वाचून हाच अर्थ घेईल. बातमीत बोजड वाटत असेल तर सरळ ‘कोर्टात दाद मागितली’ लिहा, त्यात काही खोटं नाही.

घोळाचं खरं मूळ असं की इंग्रजीत याच वाटेवर आणखी एक ‘रिव्ह्यू’ आहे आणि तो कोर्टाचा नाही. 12 महिने किंवा जास्त कैदेची शिक्षा झालेला (भोगलेला काळ नव्हे, सुनावलेली शिक्षा) आणि तुरुंगात पूर्णवेळ शिक्षा भोगत असलेला परदेशी नागरिक घ्या. डिसेंबर 2014 पासून स्थलांतर कायद्याच्या कलम 501 खाली (हेच चारित्र्याचं कलम) त्याचा व्हिसा रद्द करणं बंधनकारक आहे. नोटीस मिळाल्यापासून 28 दिवसांत त्याला रद्दीकरण मागे घेण्याची विनंती करता येते. अधिकाऱ्याने ती फेटाळली तर 9 दिवसांत प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जावं लागतं, आणि ही मुदत वाढत नाही. न्यायाधिकरण अधिकाऱ्याच्या जागी बसून सगळं नव्याने ठरवतं: गुन्ह्याचं गांभीर्य, मुलांचं हित, देशाशी असलेले संबंध. त्याला ‘गुणदोषांवर फेरविचार’ म्हणावं. तिथे 84 दिवसांत निकाल लागला नाही, तर मूळ निर्णय कायम झाला असं धरतात. न्यायाधिकरणाकडूनही नकार आला की मग कोर्ट, 35 दिवसांत. निर्णय मंत्र्यांनी जातीने घेतला असेल तर मधली पायरी नाहीच, थेट कोर्ट.

मुदतींचं भाषांतर करताना ‘पासून’ जपून वापरा. 9 दिवस निर्णय कळवल्यापासून मोजतात. 35 दिवस निर्णयावर किंवा कळवणाऱ्या पत्रावर घातलेल्या तारखेपासून. दोन्हीकडे ‘निर्णय मिळाल्यापासून’ लिहिलं, तर वाचणाऱ्याचे मोलाचे दिवस जातील. कोर्ट 35 दिवसांची मुदत वाढवू शकतं, पण त्यासाठी लेखी अर्ज आणि सबळ कारण लागतं.

आता उरलेले दोन शब्द. ‘चारित्र्यहीनता’ काढून टाका. मराठीत त्या शब्दाला वेगळाच वास आहे आणि तो माणसाच्या अंगाला चिकटतो. कायद्यातली कसोटी बहुतेकदा गुन्ह्यांच्या नोंदीवर चालते. आपल्या पोलिसांची ‘चारित्र्य पडताळणी’ सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून ‘चारित्र्याच्या निकषावर’ पुरे. आणि ऑस्ट्रेलियातलं ‘हाय कोर्ट’ हे तिथलं सर्वोच्च न्यायालय. ‘उच्च न्यायालय’ लिहिलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे मुंबईची इमारत येते. या प्रकरणात तर अर्ज त्याच्या खालच्या फेडरल कोर्टात आहे.

निर्णय कायद्याला धरून नव्हता असं कोर्टाने ज्या चुकीवरून ठरवायचं, त्या ‘ज्युरिस्डिक्शनल एरर’साठी ‘अधिकारक्षेत्रातील चूक’ लिहू नये, ते पोलीस ठाण्याच्या हद्दीसारखं वाटतं. ‘अधिकारितेची चूक’ म्हणा: महत्त्वाचं निवेदन विचारातच घेतलं नाही, बाजू मांडू दिली नाही, कायद्याचा अर्थच चुकीचा लावला. शिवाय ती चूक नसती तर निकाल वेगळा लागण्याची खरी शक्यता होती, हेही सहसा दाखवावं लागतं.

वाक्य असं करता येईल: ‘चारित्र्याच्या निकषावर व्हिसा रद्द करण्याच्या निर्णयाविरुद्ध त्याने फेडरल कोर्टात न्यायालयीन पुनर्विलोकनासाठी अर्ज केला.’ अर्ज मंजूर झाला तर ‘रद्द करण्याचा निर्णय रद्द’ असली कसरत नको. ‘निर्णय रद्दबातल ठरवला’ लिहा. आणि न्यायाधिकरणाचा निकाल रद्दबातल झाला असेल तर ‘व्हिसा परत मिळाला’ असं मुळीच लिहू नका. मूळ रद्दीकरण तसंच राहतं आणि प्रकरण नव्या सुनावणीसाठी न्यायाधिकरणाकडे परत जातं.