ओस्ताराच्या कुंडीत काय पेरू?

प्रश्न : ताई, मी लीड्सला शिकायला आले आहे. आम्ही चौघी एका घरात राहतो. त्यातली एक स्वतःला पेगन म्हणवते, म्हणजे ख्रिस्ती धर्माआधीच्या निसर्गपूजेला मानणारी. येत्या २० मार्चला तिने घरी 'ओस्तारा' हा वसंताचा सण ठेवला आहे. प्रत्येकीने एक कुंडी आणि आवडीचं बी आणायचं, वसंताचं स्वागत करत ते पेरायचं, कुंडीतल्या मातीवर मिठाचं रिंगण काढायचं आणि वरून दूध-मध घालायचं. ती म्हणते, ही पाच हजार वर्षांची परंपरा आहे. हे खरं आहे का? मला मंत्रबिंत येत नाहीत, श्रद्धाही नाही. जाऊ का? आणि बी कुठलं नेऊ?

उत्तर : जा की! हातात बी घेऊन ये, एवढंच तर सांगितलंय तिने. इथल्या पेगन मंडळींचा मला जो अनुभव आहे, त्यात पाहुण्याला कुणी श्रद्धेचा दाखला मागितलेला नाही. एखाद्या देवीचं नाव घेणं तुला जड वाटत असेल तर गप्प राहा. गप्प राहून पेरलेलं बीही उगवतं.

पाच हजार वर्षांचं मात्र फारसं मनावर घेऊ नकोस. उत्तर इंग्लंडमधल्या जॅरोच्या मठात बीड नावाचा भिक्षू होता. त्याने इ.स. ७२५ मध्ये कालगणनेवर ग्रंथ लिहिला. त्यात तो सांगतो, की एका महिन्याला पूर्वी ओस्त्रे देवीचं नाव होतं आणि त्या महिन्यात तिचे उत्सव होत. बस, एवढंच. ना कुंडी, ना बी, ना ससा, ना अंडं. पुढे १८३५ मध्ये परीकथा गोळा करणाऱ्या याकोब ग्रिमने त्यावरून जर्मन प्रदेशातल्या 'ओस्तारा' देवीचा अंदाज बांधला. आज पेगन लोक जे आठ सणांचं वर्षचक्र पाळतात, ते १९५०च्या दशकात ब्रिटनमध्ये आकाराला आलं. त्यातल्या वसंतसंपाताला (दिवस-रात्र सारखी होण्याच्या वेळेला) 'ओस्तारा' म्हणायचं, हे १९७०च्या दशकात एडन केली या अमेरिकन माणसाने सुचवलं. म्हणजे तुझ्या मैत्रिणीचा सण तुझ्या आईवडिलांच्या वयाचा आहे. हे तिला त्याच संध्याकाळी ऐकवू नकोस, एवढी रीत पाळ. ब्रिटनमधले बरेच पेगन हा इतिहास जाणतात आणि तरीही सण आनंदाने करतात. मला त्यात काही वावगं वाटत नाही. प्रत्येक सण कधीतरी कुणीतरी पहिल्यांदा केलेलाच असतो.

तिला खरोखरच जुनं काही हवं असेल तर मात्र माझ्याकडे आहे. अकराव्या शतकातल्या एका हस्तलिखितात 'एकरबोट' नावाचा जुन्या इंग्लंडमधला, अँग्लो-सॅक्सन विधी आहे. पीक येईनासं झालं, जमिनीवर कुणी करणी केली, तर शेत बरं करायचा हा उतारा. उजाडायच्या आत शेताच्या चारी बाजूंनी गवतासकट मातीची चार ढेपळं काढायची. त्यांच्यावर तेल, मध, यीस्ट आणि त्या जमिनीवरच्या प्रत्येक दुभत्या जनावराचं दूध घालायचं. मग ती चर्चमध्ये न्यायची, हिरवी बाजू वेदीकडे करून ठेवायची, पाद्री त्यांच्यावर चार वेळा प्रार्थना म्हणणार, आणि सूर्य मावळायच्या आत ढेपळं जिथल्या तिथे परत. पुढे शेतकरी पूर्वेला तोंड करून उभा राहतो. नांगर चालवताना जो मंत्र आहे त्यात मात्र थेट 'धरणीमाते' अशी हाक आहे. पाद्री आणि धरणीमाता एकाच बांधावर! यातलं ख्रिस्ती किती आणि त्याआधीचं किती, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. शेतकऱ्याला त्याचं काही पडलं नसावं. त्याला पीक हवं होतं.

या विधीतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट बियाण्याची आहे. पेरायचं बी घरच्या कणगीतलं नाही घ्यायचं. ते भिकाऱ्यांकडून घ्यायचं, आणि जेवढं घेतलं त्याच्या दुप्पट त्यांना द्यायचं. ते बी नांगरावर ठेवायचं, मग नांगर चालवायचा.

यातलं तुम्ही काही उचलणार असाल तर हे उचला, मीठ सोडा. एकरबोटमध्येही मीठ आहे, पण ते नांगराच्या लाकडाला भोक पाडून त्यात भरायचं आहे, बडीशेप, धूप आणि साबणासोबत. मातीत नाही. कुंडीत मीठ गेलं की अंकुराला पाणी शोषता येत नाही आणि तो जागच्या जागी करपतो. रिंगण हवंच तर कुंडीखालच्या ताटात काढा, कुंडी बशीत ठेवून. दूध-मधाचंही तेच. उघड्या शेतात ते जिरून जातं, पण खिडकीतल्या कुंडीत थोड्याच दिवसांत बुरशी धरते आणि काही आठवड्यांत बारीक काळ्या माश्या घरभर होतात. दारातल्या झाडाच्या बुंध्याशी घाला. देवीला चालेल.

विधी म्हणून फार काही नसतं. मैत्रीण विक्का या पेगन पंथातली असेल तर आधी वर्तुळ आखेल आणि चार दिशांना बोलावेल : पूर्व वाऱ्याची, दक्षिण अग्नीची, पश्चिम पाण्याची, उत्तर मातीची. नंतर प्रत्येकजण बी मुठीत धरते, या वर्षी काय वाढावंसं वाटतं ते मनात किंवा मोठ्याने म्हणते, बी मातीत दाबते, पाणी देते. शेवटी खाणंपिणं. खिडकीच्या पडद्याजवळ मेणबत्ती ठेवणारी एक तरी असतेच, तिच्यावर लक्ष ठेव.

आता बी. माझं यावर जरा ठाम मत आहे. वसंताच्या नावाने पेरायचं तर त्या आठवड्यात त्या गावी जे जगेल तेच पेरावं. २० मार्चला लीड्समध्ये दिवस-रात्र जवळपास सारखी होतात खरी, पण दहिवर गोठणं मे महिन्यापर्यंत चालू असतं. दुकानात पाकिटावरचा फोटो बघून झुकिनी किंवा फरसबी उचललीस तर वसंताचं स्वागत व्हायचं आणि एप्रिलमध्ये त्याचं प्रेत उचलायचं. टोमॅटो चालेल, पण त्याला घरात २० अंशांच्या आसपास ऊब आणि भरपूर उजेड लागतो. तुम्हा विद्यार्थ्यांच्या घरातलं हीटिंग मला माहीत आहे.

तू कॅलेंडुला ने, झेंडूसारखं दिसणारं फूल. बी पाकिटातून हातावर ओतून बघ : कापलेल्या नखासारखं वाकडं, पाठीवर खरखरीत काटे, एकही दुसऱ्यासारखं नाही. बोटांत धरता येतं, अंधाऱ्या खोलीतही हरवत नाही, विधीला ते फार सोयीचं. कुंडीच्या तळाला भोक आहे ना बघ, पीटविरहित (दलदलीतली माती नसलेलं) कंपोस्ट भर, आधीच ओलं करून घे. बी एक-दीड सेंटिमीटर खोल दाब, वर माती सारख, थंड पण उजेडाच्या खिडकीत ठेव. एक-दोन आठवड्यांत वर येईल. रोप तळहाताएवढं झालं की कुंडी बाहेर ठेव. ते चिवट आहे, हलकी थंडी सोसतं. अंगणात वाफा असेल तर माती वाफशावर आल्यावर तिथेही थेट पेरता येतं. बुटाला चिकटत असेल तोवर थांब.

उन्हाळ्यात शेंदरी फुलं येतील. सगळी खुडू नकोस, दोन-चार वाळू दे. एका वाळल्या फुलात पेरलं त्याच्या कितीतरी पट बी मिळतं. ते कागदी पाकिटात भर आणि ज्या मैत्रिणीकडून बी घेतलं असशील तिला दुप्पट दे. अकराव्या शतकाचा हिशेब पुरा होईल. म्हणून सांगते, जाताना पाकीट विकत घेण्याआधी कुणाकडे गेल्या वर्षीचं बी मागून बघ.

प्रश्न : आम्ही कार्डिफला राहतो. मुलीच्या मैत्रिणीकडे ओस्ताराला अंड्याच्या कवचात सूर्यफूल पेरतात, म्हणून आम्हीही पेरतो. उगवतं छान, पण मग लांबट होऊन आडवं पडतं. कवचाचं खत होतं ना? मग चुकतंय कुठे?

उत्तर : चूक कवचाची आहे, तुमची नाही. सूर्यफुलाचं मूळ सरळ खाली धावतं आणि कवचात त्याला धावायला जागाच नाही. त्यात मार्चचा उजेड अपुरा आणि खिडकीखाली रेडिएटर. ऊब जास्त, उजेड कमी, की रोप ताणतं आणि कोलमडतं. कवच मातीत एका हंगामात कुजतही नाही. लावताना चुरडलं नाही तर मुळं आतच कोंडतात.

सूर्यफूल एप्रिलच्या मध्यावर ९ सेंटिमीटरच्या कुंडीत पेरा आणि मे सरताना बाहेर लावा. ओस्ताराच्या दिवशी कवचात ओला कापूस घालून त्यावर क्रेस, म्हणजे आपलं अळीव, भुरभुरा. तिसऱ्या दिवशी हिरवं दिसतं, साधारण आठवड्याने कात्रीने कापून सँडविचमध्ये. कवचावर डोळे-नाक काढलं तर मुलं केस कापायला भांडतात. त्या दिवशी अंडं टोकावर उभं राहतं असं कुणी मुलीला सांगितलं असेल, तर तेही करून बघा. उभं राहतं, आणि कुठल्याही दिवशी राहतं.

प्रश्न : मी मेलबर्नला असते. पुस्तकात ओस्तारा मार्चमध्ये सांगितलाय. इथे तेव्हा पानगळ सुरू होते. मी बी कधी पेरू?

उत्तर : पुस्तक उत्तर गोलार्धातलं आहे. तुमच्याकडचे बहुतेक पेगन चक्र उलटं फिरवतात आणि ओस्तारा सप्टेंबरमध्ये करतात. तुमच्याकडे वसंतसंपात २२-२३ सप्टेंबरच्या सुमारास असतो. मार्चमध्ये हात शिवशिवत असतील तर स्वीट पी हा सुवासिक फुलांचा वेल पेरा, तिथे तो त्याचाच काळ आहे. बी आदल्या रात्री पाण्यात भिजवा. वाटाण्यासारखं दिसतं, पण ते विषारी आहे, तेव्हा भिजवलेली वाटी मुलांच्या हाताला लागेल अशी स्वयंपाकघरात ठेवू नका.