वाचकांचे प्रश्न: जुनी ऑक्टाव्हिया, ओला गालिचा आणि टायमिंग बेल्ट

या वेळची सगळी पत्रं पहिल्या पिढीच्या स्कोडा ऑक्टाव्हिया १.९ टीडीआय (टर्बो डिझेल) गाडीबद्दलची आहेत. २००१ पासून आपल्याकडे विकली गेलेली ही गाडी लांबून डिकीवाली वाटते, पण मागची काच झाकणासकट वर उचलली जाते, म्हणजे ती हॅचबॅकच. सांगाडा चौथ्या पिढीच्या गोल्फचा. त्यामुळे गोल्फची दुखणीही तिच्याकडे आली आहेत आणि त्यांवरचे उपायही.

पावसाळा लागला की डाव्या पुढच्या सीटखालचा गालिचा चिंब होतो. कणकुंबीकडे रोज जाणं-येणं आहे. गॅरेजवाले म्हणतात, तळ सडलाय, वेल्डिंग करा. करू का? (खानापूर)

आताच नको. या गाडीत पाणी बहुतेक वेळा वरून किंवा दारातून येतं, खालून क्वचितच.

पहिली जागा वायपरखालची पन्हळ. काचेवरचं पाणी तिथे जमून नळीने खाली जातं. नळीचं तोंड पाचोळा आणि लाल मातीने बुजलं की पाणी चढतं आणि केबिन फिल्टरच्या खोक्यातून आत उतरतं. फिल्टर डाव्या बाजूलाच असतो. प्लॅस्टिकचं आवरण काढा, पाचोळा हाताने उचला आणि मगच पाणी सोडा. आधी पाण्याचा फवारा मारलात तर कचरा नळीत घट्ट बसेल. फिल्टरच्या खोक्याचं रबर चपटं झालं असेल तर तेही बदला.

दुसरी जागा दार, आणि अनेकदा खरी चूक इथेच असते. काचेवरून ओघळलेलं पाणी दाराच्या पोटात उतरणं हे ठरलेलंच आहे. ते खालच्या कडेच्या भोकांतून बाहेर पडतं. पण काच, मोटार आणि कुलूप ज्या धातूच्या पत्र्यावर बसवलेले असतात, त्याच्या कडेचा फोम काही वर्षांनी ठिसूळ होतो. मग पाणी पत्र्याच्या आतल्या अंगाने येऊन उंबऱ्यावरून गालिच्यात जातं. दाराचं आतलं पॅनेल काढून त्या कडेवर बोट फिरवा. ओल किंवा मातीची रेघ दिसली तर काच टेपने वर बांधून पत्रा सोडवा, जुना फोम पूर्ण खरवडा, स्पिरिटने पुसा आणि ब्युटाइलची (चिकट रबराची) दोरी अखंड फिरवून पत्रा बसवा. आंबट वासाचं सिलिकॉन वापरू नका. ते धातूला गंज आणतं आणि पुढच्या वेळी पत्रा निघता निघत नाही. एवढं उघडलंच आहे तर काच धरणाऱ्या प्लॅस्टिकच्या चिमट्यांकडेही बघा. ते मोडले की काच धाडकन दारात पडते. धातूचे चिमटे मिळतात.

दोन्हींतलं कुठलं हे ओळखायला एकाने आत बसावं, दुसऱ्याने पाच मिनिटं फक्त पन्हळीवर पाणी ओतावं. आत थेंब आला नाही तर मग फक्त दाराच्या काचेवर ओतावं. आतल्या पाण्याला साबणाचा वास आला तर मात्र प्रश्न वेगळा: मागच्या काचेला पाणी नेणारी वॉशरची नळी कुठेतरी सुटली आहे.

दोष काढल्यावर गालिचा उचलून वाळवायलाच हवा. त्याच्याखालचा जाड फोम कित्येक लिटर पाणी धरून ठेवतो. वरून कोरडा लागला तरी खाली वायरींचे सांधे हिरवे पडत राहतात.

चालत्या गाडीत हीटरचा पिवळा वेटोळ्याचा दिवा लुकलुकतो. ग्लो प्लग (थंड डिझेल इंजिन तापवणारे) चारही बदलले, दिवा तसाच. (बेळगाव, शहापूर)

ब्रेक पेडलवरचा स्विच बघा. त्यात दोन संपर्क असतात आणि इंजिनचा संगणक दोन्हींची तुलना करतो. ते जुळले नाहीत की हाच दिवा लुकलुकतो. म्हणजे तो नेहमी ग्लो प्लगबद्दलच बोलत नसतो. नव्या स्विचची दांडी पूर्ण बाहेर ओढा, पेडल दाबून धरा, स्विच खाचेत घालून फिरवा, मग पेडल हळू सोडा. दांडी आपोआप योग्य मापावर बसते. एकदा बसलेला स्विच काढून पुन्हा वापरू नका. आणि मागचे ब्रेक दिवे पेटतात का तेही बघा, कारण याच स्विचवर तेही चालतात.

चोर्ला घाट चढताना गाडी एकदम मेल्यासारखी होते. बंद करून पुन्हा सुरू केली की ठीक. टर्बो गेला का? (बेळगाव)

टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, गेला असता तर चावी फिरवून परत आला नसता. संगणकाने मागितलेला हवेचा दाब आणि प्रत्यक्ष दाब यांत फार फरक पडला की तो इंजिन वाचवण्यासाठी दाब तोडतो. चावी बंद-चालू केली की तो पुन्हा प्रयत्न करतो. लांब चढाला ॲक्सिलरेटरचं पूर्ण पॅडल दिलं की हे हमखास दिसतं.

आधी इंजिनचा कोड वाचा. तो टायमिंग बेल्टच्या आवरणावरच्या चिठ्ठीवर आणि स्टेपनीच्या खड्ड्यातल्या चिठ्ठीवर छापलेला असतो. एएलएच असेल तर टर्बोत हलणारी पाती आहेत. गावातल्या गावात हळू चाललेल्या गाडीत ती काजळीने जाम होतात. हाताच्या व्हॅक्यूम पंपाने ॲक्च्युएटरला (पाती हलवणाऱ्या डबीला) ओढ द्या: दांडी अडखळली किंवा सोडल्यावर परत आली नाही तर टर्बो उतरवून पाती साफ करावी लागतील. त्याआधी मात्र व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या एकेक काढून बघा. तेल आणि उष्णतेने त्या टोकाशी फाटतात, आणि नवी नळी अगदी स्वस्त पडते. मग एन७५ व्हॉल्व्ह, म्हणजे ही ओढ कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह, तपासा.

गाडी सदाच मंद असेल, अचानक नव्हे, आणि स्कॅनरवर एकही कोड नसेल, तर संशय आत जाणारी हवा मोजणाऱ्या एअर फ्लो मीटरवर घ्या. तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण पॅडल देऊन ३,००० आरपीएमला स्कॅनरच्या मेजरिंग ब्लॉक (आकड्यांचा गट) ००३ मध्ये प्रत्यक्ष हवा वाचा. ८०० मिलिग्रॅमच्या बरीच खाली राहिली तर मीटर गेलेला समजा. एअर फिल्टर चोंदलेला नाही ना, हे त्याआधी बघा. तेल लावलेला धुण्याचा फिल्टर या गाडीत कधीच नको, तेलाचा थर मीटरच्या सेन्सरवर बसतो.

१,४०,००० किमी चाललेली गाडी घेतली. टायमिंग बेल्टची नोंद नाही. फिटर म्हणतो, पेंटची खूण करून दोन तासांत बदलतो. (चिकोडी)

नोंद नाही म्हणजे बेल्ट बदललेलाच नाही असं धरा. हा बेल्ट व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवतो. या इंजिनात तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि हेडचं काम निघतं. बेल्ट वरून चांगला दिसतो याला काही अर्थ नाही, कारण अनेकदा आधी रोलर किंवा वॉटर पंपाचं बेअरिंग जातं आणि ते बेल्टला घेऊन बुडतं. म्हणून बेल्ट, टेन्शनर (ताण देणारा रोलर), दोन्ही आयडलर (नुसते फिरणारे रोलर) आणि वॉटर पंप एकत्रच बदला. पंपाचा पंखा धातूचा घ्या. प्लॅस्टिकचा पंखा दांड्यावर सैल होऊन नुसता फिरतो. आमचा सल्ला ६०,००० किमी किंवा ५ वर्षं, जे आधी येईल ते. कमी चालणाऱ्या गाडीला वर्षंच मोजा.

पेंटच्या खुणेला आमचा ठाम विरोध आहे. जुन्या बसवणीत चूक असेल तर ती खूण तीच चूक नव्या बेल्टवर उतरवते. कॅमची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची, चाकी त्याच्या निमुळत्या टोकावर बसते, तिला जागेवर धरणारी खीळ नाही, त्यामुळे ती सोडवून नव्या बेल्टप्रमाणे बसू द्यावी लागते. गिअरबॉक्सच्या खिडकीतून फ्लायव्हीलची खूण जुळवा, कॅमच्या मागच्या टोकाच्या खाचेत सपाट पट्टी घाला, डिझेल पंपात पिन घाला. पट्टी बेळगावच्या उद्यमबागेत कुठल्याही मशीन शॉपमध्ये घासून मिळेल. कॅमचा बोल्ट सोडताना चाकी वेगळ्या पान्याने धरा. पट्टीवर जोर आला तर कॅम तुटतो. मग चाकी मागून पितळी दांडीने हलकेच ठोकून सुटी करा.

इंजिन थंड असताना टेन्शनरची खूण जुळवून नट २० न्यूटन मीटर जोराने आवळा, त्यानंतर कॅमचा बोल्ट ४५ ने. इंजिन माउंटचे बॉडीकडचे बोल्ट ताणले जाणारे असतात, ते नवेच घाला: ४० न्यूटन मीटर आणि वर पाव फेरा. शेवटी हाताने इंजिनचे दोन पूर्ण फेरे द्या आणि पट्टी-पिन पुन्हा सहज बसते का बघा. बसली नाही तर स्टार्टर मारू नका. इंजिन तापल्यावर डिझेल पंपाचं टायमिंग स्कॅनरने तपासून पंपाच्या चाकीच्या तीन बोल्टांवर जुळवायचं. मधला नट कुणी सोडला तर पंपाचं मूळ टायमिंग हरवतं आणि तो पंपाच्या खास दुकानात न्यावा लागतो. तुमच्या फिटरला हा नट माहीत आहे का, एवढं विचारा. गाडी त्याच्याकडे द्यायची की नाही ते तिथेच कळेल.

कूलंट तपकिरी झालंय. (गोकाक)

लाल जी१२ जातीच्या कूलंटमध्ये कुणीतरी हिरवं ओतलंय. दोन्हींचा गाळ होतो आणि हीटरच्या बारीक नळ्यांत बसतो. पाणी नितळ येईपर्यंत धुवा, शेवटचं धुणं डिस्टिल्ड पाण्याने करा आणि जी१२ प्लस अर्धं-अर्धं भरा. बोअरचं पाणी अजिबात नको, त्याचा क्षार ॲल्युमिनियमच्या हेडला लागतो.

कोल्हापूरची एमएच-०९ गाडी घेतोय. भाग मिळतील का, कागदांचं काय? (निपाणी)

भाग मिळतील, पण गाडीचं नाव नव्हे, क्रमांक घेऊन दुकानात जा. ०३८ ने सुरू होणारा भाग टीडीआय इंजिनचा, १जे ने सुरू होणारा मुळात गोल्फचा, १यू ने सुरू होणारा खास ऑक्टाव्हियाचा. पहिल्या दोन जातींचे भाग बाहेरही मिळतात. १यू वाले, म्हणजे मागच्या झाकणाचे आणि दिव्यांचे, आधी शोधून ठेवा. मागचं झाकण उघडून धरा. ते स्वतःहून खाली येत असेल तर गॅसचे दोन्ही दांडे बदलायचे आहेत. नंबर प्लेटचा दिवा किंवा मागचा वायपर बंद असेल तर बिजागरीजवळच्या रबरी नळीत वायर तुटलेली सापडते.

कागदांत विक्रेत्याकडून कोल्हापूर आरटीओचं ना-हरकत, म्हणजे फॉर्म २८, आणि सही केलेले २९ व ३० घ्या. गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त कर्नाटकात ठेवणार असाल तर फॉर्म २७ भरून इथला क्रमांक घ्यावा लागतो आणि इथला कर भरावा लागतो. १५ वर्षं झाली असतील तर आरसीचं नूतनीकरण झालंय का ते आधी पाहा. झालेलं नसेल तर फॉर्म २५ आणि तपासणीचा खर्च किमतीतून वजा करून मगच सौदा करा.