एट्रुस्कन स्कॅरॅब अंगठ्या : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

प्रश्न : इजिप्शियन, फिनिशियन, ग्रीक, एट्रुस्कन असे सगळेच स्कॅरॅब छायाचित्रांत सारखे दिसतात. एट्रुस्कन कोणता हे कशावरून ओळखायचे?

उत्तर : स्कॅरॅब म्हणजे पाठीवर भुंगेरा आणि खालच्या सपाट बाजूवर चित्र कोरलेला छोटा खडा; एट्रुस्कन म्हणजे प्राचीन मध्य इटलीतल्या एट्रुरिया प्रदेशाचे लोक. छायाचित्रात बहुधा चित्र कोरलेली सपाट बाजूच दाखवलेली असते, म्हणून हा घोळ होतो. ओळख पटते ती भुंगेऱ्याच्या पाठीवरून आणि त्याखालच्या बैठकीच्या कडेवरून. एट्रुस्कन कारागिराने भुंगेरा मन लावून कोरलेला असतो. डोके, मान आणि पाठीवरची दोन झाकणे रेषांनी वेगळी केलेली दिसतात, खांद्यापाशी पंखाची छोटी खूण असते, पाय बैठकीपासून सुटे उठून दिसतात. भुंगेरा ज्या पट्टीवर बसलेला असतो तिची उभी कडसुद्धा तिरप्या रेघांनी किंवा छोट्या पाकळ्यांनी सजवलेली असते. ही सजवलेली कड आमच्या मते सर्वांत भरवशाची खूण. ग्रीक स्कॅरॅबमध्ये ती साधी सोडलेली असते, आणि पाठीवर दोन झाकणांच्या मधोमध अनेकदा एक उंच कणा असतो. ग्रीकांनी पुढे भुंगेरा कोरणेच सोडले आणि नुसती गुळगुळीत घुमटाकार पाठ ठेवली. एट्रुस्कनांनी मात्र तो शेवटपर्यंत जपला.

दगडाचीही मदत होते. एट्रुस्कन काम बहुतेक कार्नेलियनमध्ये, म्हणजे लाल अकीकात असते. त्याखालोखाल पट्टेदार अकीक. सार्डिनियातील थार्रोस येथे सापडलेले फिनिशियन-प्यूनिक (प्यूनिक म्हणजे कार्थेजच्या) परंपरेचे स्कॅरॅब मुख्यतः हिरव्या जॅस्परचे आहेत. इजिप्शियन स्कॅरॅब बहुधा झिलई दिलेल्या मऊ स्टिअटाइटचे (संगजिऱ्याचे) किंवा फेयॉन्सचे, म्हणजे झिलईदार भाजक्या मिश्रणाचे असतात. एट्रुरियातल्या इ.स.पू. आठव्या-सातव्या शतकांतल्या थडग्यांत असे आयात फेयॉन्स स्कॅरॅब मिळतात, पण ते बाहेरून आलेले ताईत. कठीण दगडातले स्थानिक कोरीवकाम सुरू झाले ते इ.स.पू. सहाव्या शतकाच्या अखेरीस, आणि त्याच्या आरंभी पूर्व ग्रीसकडून आलेल्या कारागिरांचा हात स्पष्ट दिसतो.

आकाराने हे खडे लहान असतात. लांबी साधारण १ ते २ सेंटिमीटर. सपाट बाजूवर चित्राभोवती तिरप्या रेघांची किंवा वेणीसारखी किनार असते.

प्रश्न : पोलादी हत्यारे नसताना इतक्या कठीण दगडात इतके बारीक काम कसे केले?

उत्तर : दगड हत्याराने कापला जात नव्हता, पुडीने कापला जात होता. मोहस मापावर (कठीणतेच्या १ ते १० या पट्टीवर) कार्नेलियनची कठीणता साडेसहा ते ७ आहे, ब्राँझची ३ च्या आसपास, लोखंडाची ४ ते ५. म्हणजे ब्राँझच्या किंवा लोखंडाच्या टोकाने त्यावर ओरखडाही उठत नाही. त्या टोकाला तेलात कालवलेली कुरुंदयुक्त एमरीची पूड लावली की चित्र बदलते, कारण कुरुंदाची कठीणता ९ आहे. भूमध्य प्रदेशात नाक्सोस बेटाची एमरी प्रसिद्ध होती. धातू मऊ असणे इथे फायद्याचे ठरते. पुडीचे कण त्यात रुततात आणि टोक स्वतःच कानशीसारखे होते.

टोक फिरवण्यासाठी कमानीचा सामता. कोरीवकामात तो आडवा, एका जागी बसवलेला असे आणि कारागीर खडा हातात धरून फिरत्या टोकाला भिडवत असे. टोकांचे मुख्य प्रकार तीन: गोल मुंडीचे टोक वाटीसारखा खळगा करते, चकती दोन्ही टोकांना निमुळती होणारी रेघ पाडते, आणि पोकळ नळी वर्तुळ काढते. दहापट भिंगाखाली नीट पाहिले तर एखाद्या योद्ध्याची मांडी म्हणजे एकमेकांत मिसळलेले दोन-तीन खळगे आहेत आणि भाल्याची काठी म्हणजे चकतीची एकच रेघ आहे हे समजते. उत्तम कारागीर हे सांधे घासून पुसून टाकतो आणि खळग्याच्या आतही झिलई देतो. खळगा आतून चकचकीत असणे हे एट्रुस्कन कामाचे मोठे वैशिष्ट्य आहे. आतली झिलई वरच्या पृष्ठभागाच्या झिलईपेक्षा कितीतरी अवघड असते, कारण तिथे प्रत्येक वळणाला वेगळे टोक लागते.

प्रश्न : काही स्कॅरॅबवर माणसे आणि घोडे नुसत्या गोळ्यांनी बनवल्यासारखे दिसतात. हे अर्धवट राहिलेले काम आहे का?

उत्तर : नाही, ती पूर्ण झालेली कामे आहेत. या शैलीला 'आ ग्लोबोलो' म्हणतात; इ.स.पू. चौथ्या आणि तिसऱ्या शतकांत ती जोरात होती. यात सामत्याचे खळगे लपवायचा प्रयत्नच नसतो. डोके एक गोळा, छाती एक मोठा गोळा, गुडघा-टाच छोटे गोळे, आणि त्यांना जोडणाऱ्या चकतीच्या रेघा. मडक्यांच्या तराफ्यावर बसलेला हेर्क्ले, म्हणजे हेराक्लिस, हा या शैलीतला आवडता विषय. घोडे, रथ, सटायर (ग्रीक कथांतले अर्धे माणूस, अर्धे पशू असे वनचर) हेही पुष्कळ.

जुन्या अभ्यासकांनी या कामाला घाईचे आणि स्वस्तातले ठरवले. वेळ कमी लागत असणार हे खरे. पण चांगला ग्लोबोलो खडा उजेडाकडे धरा: प्रत्येक खळग्यात प्रकाश वेगळा गोळा होतो आणि लाल दगड आतून पेटल्यासारखा दिसतो. हा परिणाम बारीक शरीररचना कोरलेल्या खड्यात मिळत नाही. तो कारागिरांना हवा होता असे आम्हाला वाटते, नाहीतर त्यांनी खळगे इतक्या निगुतीने चमकवले नसते.

प्रश्न : खडा अंगठीत फिरता का ठेवत? आणि कोणती बाजू वर असे?

उत्तर : खड्याला लांबीच्या दिशेने आरपार भोक असते. सोन्याच्या कड्याची दोन्ही टोके निमुळती होत खड्याच्या भोकांपाशी येतात आणि तिथे छोट्या वाट्या, चकत्या किंवा वळी असतात. एक तार एका टोकातून, मग खड्यातून, मग दुसऱ्या टोकातून ओवून तिची उरलेली लांबी दोन्ही बाजूंना कड्याभोवती गुंडाळतात. कुठेही झाळ न देता खडा पक्का बसतो आणि आसाभोवती फिरतो. काही अंगठ्यांत खड्याच्या कडेला सोन्याची पट्टी बसवून कोंदण केलेले असते. तेव्हा तार पट्टीतूनही जाते आणि भोकाचे तोंड तारेच्या घासण्यापासून वाचते.

घालताना भुंगेरा वर, चित्र बोटाकडे. ठसा उमटवायचा तर खडा उलटा फिरवायचा. मात्र एट्रुरियात मातीवर उमटलेले असे ठसे फार थोडे सापडतात, त्यामुळे ही मुख्यतः मोहोर होती असे मानायला आधार अपुरा आहे. दागिना आणि ताईत हाच तिचा मोठा उपयोग असावा. काही कडी बोटात घालायला फारच मोठी आहेत. ती गळ्यात लटकवत असावेत.

प्रश्न : खड्यावरची अक्षरे म्हणजे मालकाचे नाव का?

उत्तर : बहुतेक वेळा नाही, चित्रातल्या वीराचे नाव. सर्वांत गाजलेले उदाहरण बर्लिनच्या संग्रहालयातील श्टॉश रत्न. इ.स.पू. पाचव्या शतकाच्या आरंभीच्या या कार्नेलियनवर ग्रीक पुराणकथेत थीब्झ नगरावर चाल करून गेलेल्या सात वीरांपैकी पाच जण आहेत, तिघे बसलेले आणि दोघे सशस्त्र उभे, प्रत्येकाशेजारी त्याचे एट्रुस्कन नाव: फुल्निके (पोलिनायकीस), तुते (टायडियस), अम्फ्तिआरे, अत्रेस्थे, पार्थानापाएस. जेमतेम बोटाच्या नखाएवढ्या जागेत पाच माणसे, त्यांची वस्त्रे, ढाली आणि नावे! बॅरन फिलिप फॉन श्टॉश यांच्या संग्रहाची सूची कला-इतिहासकार विंकेलमान यांनी १७६० मध्ये प्रसिद्ध केली, आणि पुढे तो संग्रह प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याने विकत घेतला. इतर खड्यांवर आख्ले (अकिलीस), ऐवास (एजॅक्स), कॅपने (वीज पडून मरणारा कॅपेनियस) ही नावे दिसतात. पडणारा, जखमी, मरणारा वीर हा एट्रुस्कन कारागिरांचा लाडका विषय; दुमडलेले शरीर लंबगोलात नेटके मावते हेही त्यामागचे एक कारण.

प्रश्न : मी कार्नेलियनमध्ये स्कॅरॅबची प्रतिकृती करतो. भोक पाडताना खडा दोनदा फुटला. क्रम चुकतो आहे का?

उत्तर : बहुधा हो. भोक सर्वांत आधी पाडा, भुंगेरा आणि चित्र नंतर. १६ मिलिमीटर लांबीचा स्कॅरॅब हवा असेल तर १८ × १४ × १० मिलिमीटरचा ठोकळा घ्या, म्हणजे तोंडाशी टवका उडालाच तर घासून टाकायला दोन्हीकडे एकेक मिलिमीटर उरतो. आधी ठोकळा उजेडात फिरवून बघा. आत केसासारखी भेग दिसली तर तो बाजूला ठेवा, कितीही रंगीत असला तरी.

दोन्ही टोकांच्या मध्यावर खूण करून प्रत्येकी अर्ध्या अंतरापर्यंतच भोक न्या. एकाच बाजूने आरपार गेलात तर बाहेर पडताना दगडाचा शंकूच्या आकाराचा तुकडा निखळतो. १ मिलिमीटरचे हिऱ्याची पूड लावलेले टोक, खडा पूर्ण पाण्यात बुडलेला, हलका दाब, आणि दर काही सेकंदांनी टोक बाहेर काढायचे. बाहेर काढले नाही तर चिखल आत साचतो, पाणी टोकापर्यंत पोहोचत नाही, दगड तापतो आणि तडकतो. तुमचा खडा भोकाच्या मध्यावर फुटला असेल तर कारण हेच. तोंडाशी फुटला असेल तर दाब जास्त होता किंवा टोक डगमगत होते. दोन्ही भोके मध्ये किंचित सरकून भेटली तर घाबरू नका, प्राचीन खड्यांतही तसेच असते. पाऊण मिलिमीटरची तार जाते ना एवढेच पाहा.

खडा काठीवर लाखेने बसवत असाल तर आधी तो हळूहळू कोमट करा. थंड खड्यावर गरम लाख हे तडे जाण्याचे आणखी एक कारण.

यानंतर पाठ, मग कड, मग सपाट बाजू घासून झिलई, आणि शेवटी चित्र. चित्रात सर्वांत खोल भाग आधी: धड २ मिलिमीटरच्या गोल टोकाने, मांड्या-दंड १ मिलिमीटरच्या, बोटे-डोळे अर्ध्या मिलिमीटरच्या. ठशात उजवा-डावा हात उलटतो, म्हणून भाला उजव्या हातात हवा असेल तर दगडावर डाव्यात कोरा. प्रत्येक टप्प्यानंतर मऊ मातीवर ठसा घेऊन बघा. खळग्यात पाहून खोलीचा अंदाज चुकतोच, विशेषतः चेहऱ्याच्या बाबतीत. किनार सगळ्यांत शेवटी, कारण कोरताना हात तिच्यावरून घसरतो. आतल्या झिलईसाठी टोकदार बांबूची किंवा कठीण लाकडाची काडी आणि १ मायक्रॉनची हिऱ्याची पेस्ट.

कार्नेलियन म्हणजे सिलिका. कोरडे घासू नका. तिची धूळ फुप्फुसात साचून सिलिकोसिस होतो, आणि त्यावर इलाज नाही. काम ओलेच ठेवा, शिवाय बारीक धूळ अडवणारा मास्क वापरा.

प्रश्न : लिलावात एट्रुस्कन म्हणून आलेली स्कॅरॅब अंगठी घ्यावी का? खरी कशी ओळखावी?

उत्तर : आधी कागद, मग खडा. इटलीत जमिनीत सापडणाऱ्या पुरावस्तू १९०९ च्या ३६४ क्रमांकाच्या कायद्यापासून राज्याच्या मालकीच्या आहेत, आणि तस्करीविरुद्धचा युनेस्कोचा करार १९७० चा आहे. वस्तू केव्हा आणि कशी बाहेर पडली याची कागदोपत्री साखळी नसेल तर घेऊ नका, खरी असली तरी. चोरून उकरलेल्या थडग्यातल्या अंगठीसोबत तिचे सगळे संदर्भ कायमचे नष्ट झालेले असतात.

मग खडा. भोकात उजेड टाकून पाहा: दोन्हीकडून पाडलेले, मध्ये किंचित चुकलेले, तोंडाशी तारेने झिजलेले असणे चांगले लक्षण. सुरुवातीपासून शेवटपर्यंत नळीसारखे सरळ भोक दिसले तर शंका घ्या. झीज भुंगेऱ्याच्या उंच भागांवर हवी. पाठ करकरीत आणि फक्त खळगे मळकट असतील तर मळ मुद्दाम भरलेला असू शकतो. काचेच्या नकलेत भिंगाखाली बुडबुडे दिसतात. कार्नेलियनचा अपवर्तनांक १.५३ ते १.५४ आणि विशिष्ट गुरुत्व २.६ च्या आसपास येते, पण यावरून दगड कळतो, वय कळत नाही.

सोने वेगळे तपासा, कारण खडा जुना आणि अंगठी नवी ही जोडी फार आढळते. एकोणिसाव्या शतकात रोमच्या कास्तेल्लानी घराण्याने प्राचीन स्कॅरॅब नव्या सोन्यात बसवले, आणि नवे स्कॅरॅबही वापरले. तारेवर लांबीला समांतर ओरखडे असतील तर ती जंत्रीतून (तार ओढायच्या भोकांच्या पट्टीतून) ओढलेली, म्हणजे नंतरची. प्राचीन तार पट्टी पिळून व लाटून केलेली असल्यामुळे तिच्यावर मळसूत्री शिवण दिसते. रवाकामात, म्हणजे सोन्याचे बारीक गोल रवे जोडून केलेल्या नक्षीत, रव्यांच्या बुडाशी झाळेचे ओघळ दिसले तर ते एट्रुस्कन नाही. त्यांचे रवे, कधी ०.२ मिलिमीटरहूनही बारीक, पृष्ठभागाला जेमतेम टेकलेले दिसतात. ताम्रक्षार आणि डिंक यांनी चिकटवून तापवले की सांध्यापुरतेच तांबे सोन्यात मिसळते आणि शुद्ध सोने वितळण्याआधी, ९०० अंश सेल्सियसच्या आसपास, जोड बसतो.

प्रश्न : घरच्या संग्रहातली जुनी अंगठी अल्ट्रासॉनिक यंत्रात धुतली तर चालेल का?

उत्तर : नाही. कडे पोकळ असेल तर आत भरण असते आणि ते पाणी धरते. खड्यात भेग असेल तर ती वाढते. खडा फिरवूनही पाहू नका. जुन्या सोन्याची तार आतून ठिसूळ झालेली असते आणि वळणाशी तुटते. ऊर्ध्वपातित पाण्यात किंचित ओलावलेला कापसाचा बोळा खड्यावरून फिरवा, रवाकामावर नको, कारण धागे अडकून रवे निघतात. सोने पॉलिश करू नका. भोकातली माती तशीच राहू द्या. तपासणीच्या वेळी ती उपयोगी पडते.