बीटल्स आणि बीच बॉइज यांच्यातली स्पर्धा खरी होती का, की ती नंतर रचलेली दंतकथा आहे?

तुम्ही विचारलंय की ब्रिटिश बीटल्सचा 'रबर सोल', अमेरिकन बीच बॉइजचा 'पेट साउंड्स' आणि पुन्हा बीटल्सचा 'सार्जंट पेपर' हे अल्बम खरोखरच एकमेकांना दिलेली उत्तरं होती का, आणि ऐकायला सुरुवात कुठून करावी.

स्पर्धा खरी होती. दोन्ही बाजूंच्या माणसांनी ती वारंवार कबूल केली आहे. पण ती जुगलबंदीसारखी समोरासमोर बसून झालेली नाही. मध्ये अटलांटिक होता आणि एकाच्या कामाला दुसऱ्याचं उत्तर यायला काही महिने जायचे. शिवाय एका बाजूला चार बीटल्स आणि त्यांचा निर्माता जॉर्ज मार्टिन होता, तर दुसऱ्या बाजूला बीच बॉइजची गाणी रचणारा, जवळजवळ एकटा ब्रायन विल्सन. पुढे जे घडलं ते समजायला हा असमतोल लक्षात ठेवावाच लागतो.

'रबर सोल' डिसेंबर 1965 मध्ये आला. ब्रायनने तो ऐकला आणि त्याला धक्का बसला तो एकेका गाण्याने नव्हे, तर अख्ख्या तबकडीत भरतीचं गाणंच नाही याने. त्या काळी पॉपचा अल्बम म्हणजे दोन गाजलेली गाणी आणि उरलेला भरणा, असाच प्रकार असायचा. यातली मला सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट पुढेच आहे. ब्रायनने ऐकला तो बीटल्सनी लावलेला क्रम नव्हताच! दोन्ही गटांच्या तबकड्या अमेरिकेत काढणाऱ्या कॅपिटॉल कंपनीने अमेरिकेसाठी मूळच्या 14 गाण्यांतली 4 काढली आणि आधीच्या ब्रिटिश अल्बममधली 2 शिल्लक गाणी घातली. 'ड्राइव्ह माय कार' गेलं आणि अल्बम 'आय हॅव जस्ट सीन अ फेस'च्या अकूस्टिक गिटारींवर सुरू झाला. त्यामुळे तो अमेरिकेत जास्त एकजीव, जास्त लोकसंगीताच्या अंगाने जाणारा वाटला. ज्या एकसंधपणाने ब्रायन पेटला, त्यात एका रेकॉर्ड कंपनीच्या कापाकापीचाही हात होता.

ब्रायनने 1964 च्या अखेरीस विमानात मानसिक झटका आल्यानंतर दौरे सोडले होते. बाकीचे बीच बॉइज जपानला गेले तेव्हा तो लॉस एंजेलिसमध्ये टोनी अॅशर या जाहिरात क्षेत्रातल्या तरुणाबरोबर 'पेट साउंड्स'ची गाणी लिहीत बसला. साथीला हॅल ब्लेन, कॅरल के यांच्यासारखे शहरातले पट्टीचे स्टुडिओ वादक. त्याच्या उजव्या कानाला जवळजवळ ऐकू येत नव्हतं, म्हणून सगळं मिश्रण मोनोमध्ये, म्हणजे डावा-उजवा भेद न करता एकाच वाहिनीत. सायकलची घंटा, कुत्र्यांचं भुंकणं, आगगाडी हे सगळं त्यात आहे, पण मला महत्त्वाचा वाटतो तो बास, म्हणजे बास गिटारची खर्जातली साथ. तो बऱ्याचदा कॉर्डच्या (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटाच्या) मूळ स्वरावर न थांबता दुसऱ्याच स्वरावर उभा राहतो. 'गॉड ओन्ली नोज' ऐकताना जमीन किंचित हलल्यासारखी वाटते ती त्यामुळेच. हे करणारा माणूस 23 वर्षांचा होता.

'पेट साउंड्स' मे 1966 मध्ये निघाला. अमेरिकेत तो दहाव्या क्रमांकापर्यंतच चढला आणि कॅपिटॉलने दोन महिन्यांच्या आत जुन्या हिट गाण्यांचा संग्रह बाजारात आणला. मला याचा आजही राग येतो. इंग्लंडने मात्र तो दुसऱ्या क्रमांकावर नेला. बीच बॉइजमधला ब्रूस जॉन्स्टन तबकडी घेऊन लंडनला गेला होता आणि तिथल्या हॉटेलात बीटल्सपैकी जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी यांनी ती ऐकली. मॅकार्टनी आजवर 'गॉड ओन्ली नोज'ला आपलं सर्वांत आवडतं गाणं म्हणत आलाय. ऑगस्टमध्ये आलेल्या 'रिव्हॉल्व्हर'वरचं त्याचं 'हिअर, देअर अँड एव्हरीव्हेअर' ऐका, म्हणजे ठसा कळेल. 'सार्जंट पेपर'मधला बास स्वतंत्र चाल घेऊन फिरतो, त्यामागेही हेच ऐकणं आहे. 'पेट साउंड्स' नसता तर 'पेपर' झाला नसता, असं जॉर्ज मार्टिननेच म्हणून ठेवलंय.

ऑगस्ट 1966 मध्ये बीटल्सनीही दौरे थांबवले आणि नोव्हेंबरपासून 'सार्जंट पेपर'साठी लंडनमधल्या अॅबी रोडच्या स्टुडिओत तळ ठोकला. तेही एका वेळी फक्त चार वेगळे पट्टे (ट्रॅक) ध्वनिमुद्रित करणाऱ्या मशीनवर! त्यातल्या 'अ डे इन द लाइफ'च्या 40 वादकांसाठी दोन मशीन एकत्र चालवावी लागली.

त्याच्या थोडं आधी, 1966 मध्येच, ब्रायनने 'गुड व्हायब्रेशन्स' हे गाणं तुकड्यातुकड्यांनी, वेगवेगळ्या स्टुडिओंत ध्वनिमुद्रित करून जोडलं होतं. ते दोन्ही देशांत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्याच पद्धतीने त्याला गीतकार व्हॅन डाइक पार्क्सबरोबर 'स्माइल' हा अख्खा अल्बम करायचा होता. तो झाला नाही. 'पेपर' ऐकून ब्रायन खचला आणि त्याने 'स्माइल' सोडला, असं सर्रास सांगितलं जातं. तारखा तसं सांगत नाहीत. 'स्माइल' रद्द झाल्याची बातमी मे 1967 च्या सुरुवातीला आली आणि 'पेपर' त्या महिन्याच्या अखेरीस विक्रीला आला. ब्रायनचं ढासळतं मानसिक आरोग्य, अमली पदार्थ, गटातच गाण्यांच्या शब्दांवरून उठलेल्या शंका, कॅपिटॉलशी चाललेला खटला, ही कारणं पुरेशी होती. स्पर्धेचं दडपण त्यात होतं, नक्कीच. पण अॅबी रोडला एकाचं अडलं की दुसरा ओळ पुरवायचा, मार्टिन वाद्यमेळ लिहून द्यायचा. ब्रायनच्या डोक्यातले तुकडे जोडून देणारं दुसरं कुणी नव्हतं. 2004 मध्ये त्याने तो अल्बम नव्याने पूर्ण केला आणि 2011 मध्ये मूळ ध्वनिमुद्रणंही प्रसिद्ध झाली.

सुरुवात अमेरिकन 'रबर सोल'च्या क्रमाने करा, गाण्यांची यादी सहज मिळते. मग 'पेट साउंड्स' मोनोमध्ये आणि हेडफोन लावून, निदान दोनदा. पहिल्यांदा गाणाऱ्यांचे आवाज ऐका, दुसऱ्यांदा फक्त बास. त्यानंतर 'रिव्हॉल्व्हर', 'गुड व्हायब्रेशन्स', 'पेपर'. 'स्माइल' सगळ्यात शेवटी, आणि 2004 चा आधी.