वडिलांच्या अँजिओग्राफीच्या (धमन्यांच्या एक्स-रे तपासणीच्या) रिपोर्टमध्ये '७०% स्टेनोसिस' लिहिलंय म्हणजे नक्की काय?

स्टेनोसिस म्हणजे अरुंद होणं, बस. रक्तवाहिनी असो, हृदयाची झडप असो, मणक्यातली नसांची जागा असो, आतली वाट बारीक झाली की डॉक्टर हाच शब्द लिहितात.

तुमच्या वडिलांची अँजिओग्राफी आहे म्हणजे हृदयाच्या धमनीबद्दल बोलतोय आपण. तिथे ७०% हा आकडा सहसा व्यासाचा असतो, हे नीट समजून घ्या, कारण बरेच जण समजतात की अजून ३०% जागा आहे. समजा धमनी आतून ३ मिमीची आहे तर आता ०.९ मिमी उरली, आणि क्षेत्रफळ काढलं तर मूळच्या फक्त ९% च!

मग बसल्या जागी त्रास का होत नाही? कारण पुढच्या बारीक वाहिन्या आधीच रुंद होऊन कमतरता भरून काढतात, पण जिना चढला, भरभर चाललं की हृदयाला जास्त रक्त लागतं आणि त्या वाहिन्यांना आणखी रुंद व्हायला जागाच नसते, म्हणून छाती भरून येते, धाप लागते आणि थांबलं की बरं वाटतं.

नुसत्या आकड्यावरून स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी बारीक जाळीची नळी) लागेलच असं नाही हो, कुठली धमनी, त्रास किती, हे सगळं बघून ठरतं, बऱ्याच जणांचं गोळ्यांवरही भागतं. सिगारेट असेल तर मात्र आजच बंद करायला लावा प्लीज. आणि आराम करतानाही छातीत दुखायला लागलं, घाम फुटला तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, सरळ इमर्जन्सीत न्या.