मॅकबुक घेऊन येऊ का, मावशी?

ताईने तुझा मेसेज पुढे पाठवला. ऑक्टोबरपासून स्टुटगार्टला मेकॅनिकलचं मास्टर्स. बाबा म्हणतात निघण्याआधी एक चांगला मॅकबुक घेऊन टाक, आणि तुला जर्मनीतल्या मंदीच्या बातम्या वाचून धाकधूक होतेय. लाखभर रुपये घालावेत का, असं विचारलंयस.

घालू नकोस. पण स्वस्तातला नवा लॅपटॉपही घेऊ नकोस. जरा सविस्तर लिहिते, कारण दरवर्षी जून-जुलैत पुण्याहून कोणी ना कोणी हेच विचारतं आणि फोनवर माझं अर्धंच सांगून होतं.

मी इथे स्टुटगार्टला शिकायला आले सप्टेंबर 2008 मध्ये. 15 तारखेला लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक बुडाली तेव्हा आमच्या हॉलमध्ये माझ्या बॅगा वजनकाट्यावर चढत होत्या. मंदी येतेय, जपून राहू, असा शहाणपणा करून मी तेव्हा नव्यानेच आलेलं एक दहा इंची नेटबुक घेतलं होतं. अ‍ॅटम प्रोसेसर, 1 जीबी रॅम. मेल आणि स्काइपपुरतं ठीक होतं. कॅटियाचं, म्हणजे यंत्रांचे भाग डिझाइन करायच्या सॉफ्टवेअरचं, नाव काढलं की पंखा घरघरायचा आणि स्क्रीन पांढरी व्हायची. सगळ्या असाइनमेंट मी फायहिंगेन कॅम्पसच्या सीआयपी-पूलमध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या कॉम्प्युटर रूममध्ये, शेवटच्या एस-बानवर, म्हणजे लोकलवर, एक डोळा ठेवून पूर्ण केल्या. फेब्रुवारीत नेटबुकची बिजागरी तुटली. मग घरून आणलेला श्रीखंडाचा रिकामा डबा मागे लावून स्क्रीन उभी करायची. दुरुस्तीचा खर्च मशिनच्या किमतीच्या निम्मा सांगितला, म्हणून तो डबा तिथेच राहिला.

गंमत म्हणजे त्याच 2008 च्या ऑक्टोबरात अ‍ॅपलच्या स्टीव्ह जॉब्सने विश्लेषकांना सांगितलं होतं की, 500 डॉलरमध्ये भंगार नसलेला कॉम्प्युटर आम्हाला बनवता येत नाही. मला तेव्हा ते माजोरडं वाटलं होतं. श्रीखंडाच्या डब्याकडे बघताना पटलं. फक्त तिसरीही एक वाट असते, ती सांगण्यात त्याचा काही फायदा नव्हता.

ती मला 2009 च्या वसंतात सापडली. जानेवारीत माझी ठरलेली इंटर्नशिप रद्द झाली होती. त्या वर्षी जर्मनीची अर्थव्यवस्था पाच टक्क्यांच्या आसपास आकसली, कारखान्यांत कुर्त्सआर्बाइट म्हणजे कमी तासांचं काम सुरू होतं, आणि पक्क्या नोकरांनाच काम पुरत नसताना विद्यार्थ्याला कोण विचारतो? हातात पैसे मोजके. एका सीनियरने मला लीजवरून परत आलेले ऑफिसचे लॅपटॉप विकणाऱ्या दुकानात नेलं. तीन वर्षं कुठल्या तरी कचेरीत वापरलेला थिंकपॅड टी-60, 280 युरो. झाकणावर इन्व्हेंटरी नंबराचा स्टिकर अर्धवट खरवडलेला. त्यावर थिसिस झाला, पहिल्या नोकरीचे सगळे अर्ज झाले. दोनदा बॅटरी बदलली, हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली, आणि 2015 पर्यंत चालला. नवा असताना त्याची किंमत मॅकबुकच्या तोडीची होती. म्हणजे मी भारी मशीनच वापरलं, फक्त त्याचं नवेपण दुसऱ्याच्या खिशातून गेलं.

आता तुझं. आधी सॉफ्टवेअर बघ, मग मंदी. सॉलिडवर्क्स, कॅटिया, अँसिस या मेकॅनिकलच्या सॉफ्टवेअरांतलं काहीच मॅकवर थेट चालत नाही. जुन्या इंटेल मॅकवर बूटकॅम्पने विंडोज टाकता यायचं. अ‍ॅपलच्या स्वतःच्या एम-मालिकेच्या चिपवर ती सोय नाही. पॅरलल्स नावाच्या अ‍ॅपमध्ये तसल्या चिपसाठीचं, म्हणजे एआरएमचं, विंडोज चालवून त्यात कॅड म्हणजे डिझाइनचं सॉफ्टवेअर चालवणारे भेटतील, पण परीक्षेच्या आदल्या रात्री लायसन्स मॅनेजर रुसला की त्यांचे चेहरे बघावेत. तुझी वर्गमैत्रीण कॉम्प्युटर सायन्सला म्युनिकला जातेय ना, तिने मॅकबुक एअर घेतला तर मी एका शब्दाने अडवणार नाही. 2020 चे एम-1 एअर अजून लोक बिनतक्रार वापरताहेत, आणि विकायला काढला तर पैसेही बरे येतात. तुझी गोष्ट वेगळी.

मंदीचं म्हणशील तर बातम्या खोट्या नाहीत. 2023 आणि 2024 अशी सलग दोन वर्षं इथली अर्थव्यवस्था आकसली. सप्टेंबर 2025 मध्ये बॉशने आणखी 13,000 जागा कमी करण्याचं जाहीर केलं, आणि स्टुटगार्ट म्हणजे बॉश आणि मोटारी. वेर्कश्टुडंटची, म्हणजे शिकता शिकता करायची कंपनीतली नोकरी पूर्वी दुसऱ्या सेमिस्टरला मिळून जायची. आता तिसरं उजाडेल असं धरून चाल.

म्हणून सगळं अडतं ते पहिल्या दोन महिन्यांच्या रोकडीवर. व्हिसासाठी भरलेल्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये 11,904 युरो पडून असले तरी तुझ्या हातात महिन्याला 992 च येणार. त्यातून भाडं, विमा, जेवण. खोलीचं डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत मागता येतं आणि ते लगेच लागतं. वर आपल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सेमिस्टरला 1,500 युरो फी आहे, 2017 पासून. मार्च 2025 मध्ये एम-4 एअर आला तेव्हा भारतात 99,900 रुपयांना होता, इथे 1,199 युरोंना. तेवढे लाख रुपये बाबांकडे सुटे असतील, तर मशिनमध्ये न अडकवता तुझ्या खात्यात राहू देत. डिपॉझिट भरताना त्या पैशांची आठवण होईल.

मग घ्यायचं काय? चार-पाच वर्षं जुना बिझनेस लॅपटॉप. थिंकपॅडची टी किंवा पी मालिका, डेलचा लॅटिट्यूड किंवा प्रिसिजन. कॅडसाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर उत्तम. जड सिम्युलेशनला सीआयपी-पूल आहेच. प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीच्या खालचा अजिबात नको, कारण त्यावर विंडोज 11 अधिकृतपणे बसत नाही आणि विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. रॅम 16 जीबी आधीच असलेला बघ. नंतर वाढवू म्हणशील, पण एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतल्यापासून रॅमचे भाव चढलेत.

पुण्यात तसला खात्रीचा मिळाला तर तिथूनच आण, नाहीतर इथे आल्यावर दुकानातून घे. क्लाइनअन्त्साइगेन या जुन्या वस्तूंच्या वेबसाइटवर खाजगी माणसाकडून स्वस्त मिळतो, पण विकणारा जबाबदारी झटकू शकतो. दुकानदाराला जुन्या मालावरही निदान एक वर्ष दोषांची जबाबदारी घ्यावी लागते. ऑनलाइन दुकानातून मागवलास तर 14 दिवसांत कारण न देता परत करता येतो.

इथल्या कीबोर्डवर वाय आणि झेडची अदलाबदल असते. पहिले तीन महिने माझ्या प्रत्येक मेलमध्ये 'माय'चं 'एम-झेड' व्हायचं, आणि प्रोफेसरांना अर्ज लिहिताना ॲट-चं चिन्ह शोधायला पाच मिनिटं गेली होती. ते क्यू-च्या बटणावर आहे, ऑल्ट-जीआर दाबून. सवय होते. बाबांना सांग, भारतीय कीबोर्डसाठी लाख रुपये मोजू नका.

पक्की नोकरी लागून प्रोबेत्साइटचे, म्हणजे उमेदवारीचे, सहा महिने संपले की हवा तो मॅकबुक घे, मी स्वतः दुकानात येईन.

आणि मॉनिटर तेवढा विकत घेऊ नकोस. आमच्या तळघरात एक 24 इंची पडून आहे. आमच्या ब्योब्लिंगेनहून एस-1 लोकल थेट युनिव्हर्सिटी स्टेशनला जाते, मांडीवर घेऊन बसलास की झालं.