शिक्षणतज्ज्ञांमुळे शाळा खरंच बदलतात, की नुसते अहवाल निघतात?
बदलतात, पण तज्ज्ञ स्वतः अंगणात उतरला तर. ताराबाई मोडकांचंच बघा. १९४५ मध्ये त्यांनी डहाणूजवळच्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, सोबत अनुताई वाघ. आदिवासी मुलं बालवाडीत येईनात, म्हणून बालवाडीच पाड्यावर नेली, घरासमोरच्या अंगणात. माँटेसरी या इटालियन शिक्षणतज्ज्ञ बाईंच्या पद्धतीची महागडी साधनं कुठून आणणार? मग शंख-शिंपले, बिया, खडे, पानं. आधी अंघोळ, वेणीफणी, मग गाणी-गोष्टी. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी तर कुरणशाळा, म्हणजे शिक्षकच कुरणावर! पुढे १९७५ साली केंद्राची एकात्मिक बालविकास योजना आली आणि तिच्या केंद्रांना देशभर नाव मिळालं तेच: अंगणवाडी. आता रजिस्टरं भरता भरता सेविकेला गाणी-गोष्टींना किती वेळ उरतो, ते तिलाच विचारा.